खुणेखाली गेलेला नंबर

माझ्या धाकटीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुली, आणि दोघींना भूक लागायची ती एकाच वेळी. त्यामुळे धाकटीचं माहेरी येणं जवळजवळ थांबलंच होतं. थोरला मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे यजमान.

यजमानांचा आवाज त्याच्या तीन वर्षं आधीच गेला. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. हात तर त्याच्याही आधीपासून थरथरायचे. पेन धरलं की कागदावर नुसत्या आळ्या उमटायच्या. फोनवर लिहावं तर एका बोटाखाली तीन-तीन अक्षरं दाबली जायची. म्हणून थोरल्याने कॉम्प्युटर आणून दिला, आणि त्याला चांगला रुंद मॉनिटर. हे एका बोटाने एकेक अक्षर दाबायचे आणि समोर आगपेटीएवढी मोठी अक्षरं उमटायची. बोलणाऱ्याची सोय झाली, पण वाचणारी अडाणी. मग तेच मला रोज एक अक्षर दाखवायला लागले. एकोणसाठाव्या वर्षी मी वाचायला शिकले ती त्या मॉनिटरवर. अंक तेवढे मला आधीपासून येत होते, लाँड्रीतल्या पावत्या बघून बघून.

आम्ही दोघंही एका मोठ्या लाँड्रीत कामाला होतो. हे बॉयलरवर आणि मी खुणेच्या खोलीत. कपडा आला की त्याच्या कोपऱ्यावर न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाची खूण मारायची, हे माझं काम. तीन टिंबं म्हणजे दातांचे डॉक्टर, काटकोन म्हणजे शाळेतल्या बाई, फुली म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. आमच्यातल्या निम्म्याजणींना वाचता येत नव्हतं, पण तीस वर्षांत एका घरची उशी दुसऱ्या घरी गेली नाही. आमच्या स्वतःच्या घराची खूण होती दोन टिंबं आणि त्यांच्याखाली आडवी रेघ. घरात नवी वस्तू आली की मी आधी खूण मारायची. बादली, छत्री, शिडी, काहीही. हे म्हणायचे, "मी तेवढा राहिलोय."

तर तो मॉनिटर बिघडला. लावल्यावर पंधरा मिनिटं ठीक चालायचा आणि मग एकदम काळा. बंद करून अर्धा तास थांबलं की पुन्हा उजेड. पुढच्या आठवड्यात पंधराची दहा मिनिटं झाली, मग सहा-सात. यजमानांना एक धड वाक्य लिहायला चार मिनिटं लागायची. टीव्हीला जोडून पाहिलं, पण टीव्ही उंच भिंतीवर आणि ऑपरेशनपासून ह्यांची मान वर होत नव्हती. मग आम्ही चमच्यावर आलो. पलंगाच्या दांडीवर चमचा एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही.

नेमकी त्याच वेळी दुसऱ्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर चमचा दोनदा वाजवला.

"विचार करा," डॉक्टर म्हणाले. "सतरा तारखेला या आणि नक्की काय ते सांगा. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही."

त्या दिवशी एक तारीख होती. घरी आल्यावर थोरल्याचा फोन.

"आई, बाबा घाबरलेत. साहजिक आहे. सही तू कर."

"ते नाही म्हणतायत."

"नाही म्हणजे काय? का नाही, ते सांगतायत का काही?"

"कशाने सांगतील? मॉनिटर काळा पडतो."

"ऑपरेशन होऊ दे, मग नवा घेऊन देतो. आता ते महत्त्वाचं आहे का?"

फोन मोठ्या आवाजात लावलेला होता. पलंगावरून चमचा वाजायला लागला. एकदा नाही, दोनदा नाही, नुसता खणखणाट. हो-नाही सांगणं वेगळं आणि भांडणं वेगळं. ह्यांना मुलांशी भांडायचं होतं, आणि भांडायला चमचा पुरत नाही. नवा मॉनिटर स्वतः घेण्याइतके पैसे तेव्हा आमच्या हातात नव्हते. तेव्हा मी मनाशी ठरवलं, सतराच्या आत हा मॉनिटर बदलून आणायचा. काय वाटेल ते होवो.

कपाटात वॉरंटीचा कागद होता. मी तो खिडकीत बसून बोट ठेवून ठेवून वाचला. दोन दुपारी लागल्या. तीन वर्षांच्या आत आपोआप बिघाड झाला तर कंपनी वस्तू बदलून देईल, असं सरळ लिहिलेलं होतं. तीन वर्षं पुरी व्हायला अजून सात आठवडे होते. मी कागद ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी चमचा एकदा वाजवला.

चार तारखेला मी मॉनिटर जुन्या चादरीत घातला, लाँड्रीत मारायची तशी गाठ मारली आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसने सर्व्हिस सेंटरला गेले. लांब काउंटर, काचेमागे एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, आणि खोलीत असा गारवा की माझे गुडघे बोलायला लागले. माझा नंबर आला. मुलीने गाठोडं बघितलं.

"आजी, यात काय आहे?"

"मॉनिटर."

"खोका कुठे याचा?"

"खोक्यात गेल्या वर्षी मांजरीने पिल्लं घातली. खोका लागतो असं कागदात लिहिलेलं नाही. मी पूर्ण वाचलाय."

ती हसली. मॉनिटर उलटा करून मागे बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

"हे काय आहे?"

काळ्या प्लास्टिकवर पांढरा स्टिकर होता. स्टिकरवर कंपनीचा सिरीयल नंबर, आणि नंबराच्या शेवटच्या चार आकड्यांवर जाडजूड काळी दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ.

काळ्या प्लास्टिकवर काळी शाई दिसणार कशी? पांढरी जागा तेवढीच होती, म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच तिथे खूण मारली होती. आकडे कळत होते, पण ते कशाचे, हे सांगणारी अक्षरं तेव्हा मला नक्षी वाटायची.

"कुणी केलं हे?" मुलीने विचारलं.

"मी."

"का?"

"घरातली वस्तू आहे म्हणून. आमच्या घराची खूण आहे ती."

तिने मागच्या खुर्चीवरच्या मुलीकडे बघितलं. मग ओल्या फडक्याने पुसून बघितलं. मग कसलंसं स्पिरिट आणलं.

"नाही जायचं," मी सांगितलं. "कागद जाईल, शाई राहील. तीस वर्षं वापरलीय मी."

"मग आजी, मला काही करता येणार नाही. नंबर वाचता येत नसेल तर वॉरंटी जाते. बिलावर आहे का नंबर?"

बिलावर नव्हता. जिथून घेतला ते दुकान बंद पडलं होतं.

"पोरी, वस्तू तुमचीच आहे ना? पुढे कंपनीचं नाव आहे."

"आहे, पण कुठली ते कळत नाही. एका नंबरवर दुसराच माल आणतात लोक."

"मी तसली दिसते का?"

"तसली कुणीच दिसत नाही, आजी," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

ते तिचं म्हणणं खोटं नव्हतं. खुणेशिवाय आलेला कपडा मीही कधी कुणाच्या हातात दिला नव्हता, माणूस "माझाच आहे" म्हणून रडला तरी. पण कागदात लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं होतं. बसमध्ये सगळा वेळ मी स्वतःलाच शिव्या देत होते.

घरी आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. ते हसायला लागले. आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे हलतात. मग त्यांनी बोटाने मॉनिटरकडे दाखवलं. मी जोडला, लावला. दोनदा लावावा लागला, तेव्हा त्यांचं लिहून झालं:

"बॉयलरची पाटी गंजायची. नंबर पत्र्यावरही ठोकलेला असायचा. आत बघ."

"आत म्हणजे? उघडू? उघडला तर उरलीसुरली वॉरंटीही जाईल."

चमचा दोनदा वाजला. बोट मॉनिटरच्या खालच्या कडेकडे गेलं. तिथे पाच बटणं होती. तीन वर्षांत आम्ही त्यातलं एकच दाबलं होतं. मी दुसरं दाबणार तेवढ्यात मॉनिटर काळा झाला.

अर्धा तास थांबलो. पुन्हा लावला. दुसरं बटण दाबलं तर उजेड इतका वाढला की ह्यांनी डोळे मिटले. तिसरं दाबलं तर सगळं हिरवं झालं. हिरव्याचं पांढरं करता करता वेळ संपला. पुन्हा अर्धा तास. असं चार वेळा झालं. तिसऱ्या खेपेला सगळी अक्षरं कुठल्याशा परक्या भाषेत गेली, आणि हे माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी घर पेटवलंय.

"बघू नका असं. खूण मी मारली, पण बटणं दाब म्हणून तुम्ही सांगितलंत."

संध्याकाळच्या आत, पाचव्या खेपेला, चौथं बटण तीनदा दाबल्यावर एक बारीक चौकट आली. भाषा अजून परकीच, पण अंकांना भाषा लागत नाही. खालच्या ओळीत एक लांब नंबर होता. मी स्टिकर चाचपून बघितला. पहिले आठ तेच. पुढचे चार, जे माझ्या खुणेखाली गेले होते, ते समोर झळकत होते. मी ते जुन्या पावतीच्या मागे लिहून घेतले आणि मॉनिटर काळा झाला.

"सापडला," मी म्हटलं. ह्यांनी चमचा एकदा वाजवला, पण असा की दांडीचा रंग उडाला.

पाच तारखेला पुन्हा तीच बस, तेच गाठोडं.

"आलात?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"आले. तुमचा नंबर मॉनिटरच्या पोटात आहे. मी सांगते ते बटण दाब."

तिने दाबलं. चौकट आली. तिने वाकून वाचलं, स्टिकरशी ताडून बघितलं, पुन्हा वाचलं.

"मला हे माहीतच नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"मलाही काल दुपारपर्यंत नव्हतं."

तिने चौकटीचा फोटो काढला आणि कुठेतरी पाठवला. तासाभराने उत्तर आलं की नंबर खरा आहे, तीन वर्षं अजून भरलेली नाहीत, मॉनिटर तपासायला घ्यावा. मला वाटलं झालं काम. पण तपासणारा मेकॅनिक आतून आला, त्याने मॉनिटर लावला, पाच मिनिटं रंगीत चित्रं फिरवली आणि म्हणाला, "उत्तम चालतोय."

"पाच मिनिटांत काय कळणार? तापला की जातो तो."

"आजी, आमची तपासणी पाच मिनिटांचीच असते."

"इस्त्री थंड असताना कुठली खराब दिसते? गरम झाली की कळतं. ठेव चालू. मी बसते."

"किती वेळ बसणार?"

"तुझी सुट्टी किती वाजता होते?"

"सहाला."

"मग सहापर्यंत."

तो कंटाळला, पण मॉनिटर चालूच ठेवून दुसऱ्या कामाला लागला. मी समोर खुर्ची घेतली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, मॉनिटर आपला मजेत रंग दाखवतोय. घरी सहा मिनिटांत मान टाकणारा इथे हुशार. चाळीस मिनिटांनी मेकॅनिक येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

"काय आजी?"

मला माझीच शंका यायला लागली होती. खरं सांगते, क्षणभर वाटलं, आपल्याच घरच्या वायरमध्ये काही असेल. मग माझे गुडघे ठणकले आणि उलगडा झाला.

"इथे गार आहे," मी म्हटलं. "घरी तो खिडकीशी असतो, पलंगाजवळ. तिथे ऊन येतं. तो तापणार कसा इथे? त्या खिडकीत ठेव."

"असं नसतं करता येत."

"का? खिडकी तुमचीच आहे ना? मी त्याच्यावर काही झाकत नाही, तापवत नाही. जसा माणसांच्या घरात असतो तसा ठेव. तुमचा मॉनिटर फक्त गार खोलीत चालतो असं कागदात लिहिलंय का?"

"तुम्ही तो कागद पाठ केलाय का?"

"दोन दुपारी लागल्या."

काउंटरवरची मुलगी तिथूनच ओरडली, "ठेव रे खिडकीत! आम्हालाही कळू दे एकदा."

त्याने टेबल खिडकीशी सरकवलं. बाहेरचं ऊन मॉनिटरच्या पाठीवर पडलं. आम्ही तिघं बघत उभे. रांगेतला एक गृहस्थही आपला प्रिंटर काखेत घेऊन येऊन उभा राहिला. अकराव्या मिनिटाला मॉनिटर एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

प्रिंटरवाल्याने टाळी वाजवली. मेकॅनिकने मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवून बघितलं आणि तो कागद भरायला बसला.

"बदलून मिळेल," तो म्हणाला. "दहा ते पंधरा दिवस. माणूस घरी आणून देईल."

"घरी नको. इथे कधी येतो?"

"गाडी येते तेव्हा. आठवडाभरात कधीतरी."

"मग मी इथूनच नेईन. सतराच्या आत हवा."

"सतराला काय आहे?"

मी सांगितलं. उगाच लांबण लावली नाही. नवऱ्याला बोलता येत नाही, सतराला डॉक्टरला सांगायचंय, आणि मुलं ऐकत नाहीत. मुलीने माझा फोन नंबर लिहून घेतला. मेकॅनिकने हातातल्या कागदावर सतरा तारीख लिहिली आणि म्हणाला, "मी गोदामात सांगून ठेवतो."

त्याने सांगितलं असेल, पण मी त्याच्या भरवशावर बसले नाही. सहा तारखेपासून रोज सकाळी नऊला मी फोन करायची. तिसऱ्या दिवसापासून मुलगी नाव न विचारताच म्हणायची, "नाही आला, आजी." सहाव्या दिवशी म्हणाली, "आजी, तुमच्यामुळे मी वेळेवर यायला लागलेय." बाराला नाही, तेराला नाही. घरी चमचा दिवसेंदिवस कमी वाजायला लागला. जेवायचं का, एक. पाणी हवं का, दोन. बाकी वेळ हे भिंतीकडे तोंड करून. थोरल्याने परस्पर ऑपरेशनच्या दिवसाची चौकशी केली आणि मला कळवलंही.

पंधरा तारखेला सकाळी मी फोन करायच्या आधी फोन आला.

"आजी, गाडी आलीय. आणि खोक्यासकट देतेय, मांजरीला सांगा."

दुपारी एकला नवा मॉनिटर खिडकीशी होता. मी धाकटीला निरोप दिला. सोळा तारखेला ती दोन्ही मुलींना घेऊन आली, एक खांद्यावर, एक टोपलीत. थोरल्याला सगळ्यांचे चेहरे दिसतील असा फोन लावून ठेवला. यजमानांनी त्या आधी सगळा वेळ बसून लिहून ठेवलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं, अडखळत, पण सगळं वाचलं.

"मला ऑपरेशन नको. घाबरलो म्हणून नाही. मागच्या वेळी अकरा आठवडे नळीने जेवलो. ह्या वेळी नळी कायमची राहील, असं डॉक्टर तुमच्या आईला सांगत होते. मी बहिरा नाही. आवाज दिला. तोंडाने जेवणं देणार नाही."

थोरल्याने फोन चेहऱ्याजवळ आणला. मग म्हणाला, "बाबा, पण दीड वर्ष जास्त मिळेल. डॉक्टरांना विचारलंय मी."

चार मिनिटं गेली. टोपलीतली रडत होती, धाकटी तिला हलवत होती. अक्षरं एकेक करून आली.

"नळीने दीड वर्ष. नळीशिवाय किती?"

"कदाचित वर्षही नाही."

"चालेल."

"तुम्हाला चालेल हो! आम्हाला?" धाकटी एकदम चिडून म्हणाली. "ह्या दोघी तुम्हाला ओळखायला लागायच्या आधीच?"

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. लिहायला बराच वेळ घेतला.

"तुझा भाऊ लहानपणी औषध थुंकायचा. तुझी आई हात धरायची, मी नाक दाबायचो. मोठा झाल्यावर त्याचं नाक सोडलं की नाही?"

फोनमध्ये थोरला हसला आणि लगेच त्याने तोंड बाजूला वळवलं. संध्याकाळपर्यंत भांडण चाललं. धाकटी रडली, थोरल्याने दोनदा फोन ठेवला आणि दोनदा परत केला. मॉनिटर एकदाही काळा झाला नाही. शेवटी थोरला म्हणाला, "ठीक आहे बाबा. उद्या डॉक्टरला मी फोनवर सांगतो, तुमच्या बाजूने."

"माझं मी सांगेन," असं मॉनिटरवर उमटलं. "तू फक्त मध्ये बोलू नकोस."

सतरा तारखेला ह्यांनी लिहिलेलं आम्ही एका दुकानातून कागदावर छापून नेलं. डॉक्टरांनी दोनदा वाचलं, ह्यांचा हात हातात घेतला आणि ऑपरेशनच्या यादीतून नाव काढलं.

ऑपरेशन झालं नाही. यजमान पुढे आठ महिने घरीच राहिले आणि शेवटचे दोन दिवस सोडले तर तोंडाने जेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सहा तारखेला सकाळी ते वारले.